विमान किती वाजता उतरेल?

मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीचे तास मोजके, आणि त्यातही ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क नेहमी कापलेले. पण एक गणित असं आहे की जे मी मराठीत चुकले होते, म्हणून ते मराठीतच सांगायचं ठरवलं. गणित दिसायला सोपं आहे. एका शहरातून निघालेलं विमान दुसऱ्या शहरात किती तासांत पोचेल? अंतर भागिले वेग. पाचवीतला मुलगासुद्धा करेल. मी तर आठवीत होते.

जानेवारी २०१९. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आम्ही बीडहून केज तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो, कारण आजीची तब्येत बिघडली होती. पहाटे तीन वाजता आजी गेली. माझे धाकटे काका तेव्हा अमेरिकेत, न्यू जर्सीत होते. पप्पांनी त्यांना फोन लावला. तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेचार वाजले होते. तासाभराने काकांचा परत फोन आला, "नेवार्कवरून साडेआठच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट मिळालंय, उद्या सकाळपर्यंत पोचतो." आवाज तुटत होता, काका रडत होते, मग फोन कट झाला.

सकाळी आठला वाड्यात माणसं बसली. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलानं आणि आईला धाकट्यानं अग्नी द्यायचा अशी रीत आहे. धाकटे म्हणजे काका. तेव्हा थांबायचं की नाही हा प्रश्न होता. आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते म्हणाले, "उद्या सकाळ म्हंजी कोणची सकाळ? त्याची का आपली?" कुणालाच सांगता येईना. काका विमानात बसले होते, फोन बंद. आबांचं म्हणणं असं पडलं की दिवस उगवायला येत असेल तर एक रात्र काढू, पण दुपार होणार असेल तर माउलीला इतका वेळ ठेवायचं नाही. आणि मग ते माझ्याकडे वळले, "पोरी, तू इंग्लिश शाळंत जातीस ना? सांग बरं, इमान किती तासात येतंय?"

खरं सांगायचं तर मोबाईलवर शोधता आलं असतं. गच्चीवर रेंज यायची. पण मला स्वतः काढून दाखवायचं होतं.

दप्तरात ॲटलास होता. मी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढले. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नेवार्क ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम (ॲटलासात अर्थात इतके दशांश नव्हते, हे मी नंतर बसवलेत). एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज, १४७ अंश. अक्षांशांची वजाबाकी, साडेएकवीस. नकाशावर काटकोन त्रिकोण तयार झाला आणि पायथागोरस नुकताच शिकवला होता. कर्ण आला १४८.६ अंश. भूगोलात पाठ केलेलं होतं की एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार केला, १६,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला, अठरा तास वीस मिनिटं.

घड्याळाचं मात्र मी बरोबर केलं होतं. नेवार्कचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले सकाळचे सात. त्यात अठरा तास वीस मिनिटं मिळवली की मध्यरात्रीनंतरचे एक वाजून वीस मिनिटं. सामान घेऊन बाहेर पडायला एक तास, मुंबईहून गावापर्यंत गाडीने नऊ तास. "अकरा-साडेअकरा वाजतील," मी सांगितलं. "म्हंजी दुपारच," आबा म्हणाले, आणि उठले.

संध्याकाळी पाच वाजता पप्पांनी अग्नी दिला.

रात्री दहाच्या सुमारास फोन आला. काका होते. "उतरलो. टॅक्सी करून निघतोय." पप्पांनी फोन ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. सकाळी पावणेसातला काका दारात होते. त्यांना घेऊन सगळे तसेच स्मशानात गेले.

मला कुणीही काहीही म्हणालं नाही. चौथ्या दिवशी काकांनीच बोलावलं आणि म्हणाले, "बाळा, तू गणित कसं केलंस ते मला दाखव." मी वही दाखवली. त्यांनी ती सगळी वाचली, गुणाकारसुद्धा तपासले आणि म्हणाले, "आकडेमोड बरोबर आहे. पृथ्वी चुकली." मग टोपलीतली एक मोसंबी आणि आईच्या डब्यातला दोरा घेऊन बसले. ते जे शिकवलं ते आता पुढे सांगते, त्यात इंजिनिअरिंगला आल्यावर कळलेलं थोडं मिसळून.

मोसंबीचा देठ म्हणजे उत्तर ध्रुव. देठापासून खाली चिरल्यासारख्या रेषा ओढल्या की ते रेखांश. आता बघा, मध्यावर दोन रेषांमध्ये भरपूर जागा असते आणि देठाकडे जावं तसतशा त्या एकमेकींना चिकटत जातात. एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर हे फक्त विषुववृत्तावर खरं आहे. मुंबईच्या अक्षांशावर तोच अंश १०५ किलोमीटरचा होतो, नेवार्कच्या अक्षांशावर ८४ चा, ६० अंशांवर बरोबर निम्मा आणि ८० अंशांवर फक्त १९ किलोमीटरचा. ध्रुवावर शून्य. १११ ला अक्षांशाच्या कोसाईनने गुणायचं, एवढंच. मी सगळे १४७ अंश विषुववृत्ताच्या भावाने मोजले होते.

पण एवढी दुरुस्ती करूनही खरं उत्तर येत नाही, आणि ही गोष्ट मला बरेच दिवस पटत नव्हती. भिंतीवर जो नेहमीचा जगाचा नकाशा असतो (मर्केटरचा) त्यावर मुंबई आणि नेवार्क पट्टीने जोडा. ती रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. अंशांचं आकसणं धरून तिची लांबी काढली तर १४,२०० किलोमीटरच्या वर येते. आता मोसंबीवर तीच दोन टोकं टाचणीने ठरवा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणा. दोरा पट्टीच्या वाटेने जातच नाही. तो घसरून वर देठाकडे सरकतो. ताणलेला दोरा नेहमी सर्वात कमी लांबीची वाट घेतो, त्याला अक्षांश-रेखांश काही माहीत नसतात. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. म्हणजे गोलाचा केंद्रबिंदू घेऊन त्याचे बरोबर दोन भाग करणारी सुरी फिरवली तर सालीवर जी रेघ उठेल ती.

तिची लांबी काढायचं सूत्र बारावीच्या त्रिकोणमितीच्या पलीकडचं नाही:

कोसाईन (मधला कोन) = साईन १९.०९ × साईन ४०.६९ + कोसाईन १९.०९ × कोसाईन ४०.६९ × कोसाईन १४७.०४

पहिला गुणाकार ०.२१३२ येतो. दुसरा उणे ०.६०१२, कारण १४७ अंशांचा कोसाईन ऋण असतो. बेरीज उणे ०.३८८०. हा ज्याचा कोसाईन आहे तो कोन ११२.८३ अंश. हा कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी आहे, म्हणून इथे मात्र प्रत्येक अंशाला पूर्ण १११.२ किलोमीटर द्यायचे (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून). उत्तर १२,५४६ किलोमीटर.

माझं १६,५००. जवळजवळ चार हजार किलोमीटरचा फरक, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही जास्त. आणि तासांत बोलायचं तर चार तास चोवीस मिनिटं.

फर्स्ट इयरला सी लँग्वेज शिकवायला लागले तेव्हा मी पहिला प्रोग्रॅम याचाच लिहिला. उत्तर भलतंच आलं. रात्रभर कंस तपासले. सकाळी रूममेटने विचारलं, "अगं, रेडियन केलेस का?" कॉम्प्युटरला अंश कळत नाहीत, आधी पायने गुणून १८० ने भागावं लागतं. असो.

तो दोरा नेमका कुठून जातो हे बघण्यासारखं आहे. नेवार्कहून निघालेली वाट मुंबईकडे म्हणजे पूर्वेकडे जाण्याऐवजी आधी ईशान्येला वळते, उत्तरेपासून फक्त ३४ अंशांवर. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करते, आइसलंडवरून जाते आणि त्याच्या थोडं पुढे समुद्रावर ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. तिथून उतरायला लागते ती नॉर्वे, सेंट पीटर्सबर्गचा भाग, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तानातला सिंध आणि मग कच्छ. आपण १९ अंशांवर, ते ४१ अंशांवर, आणि मधली वाट ६५ अंशांवर! बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को तर याहून पुढचं. तिथे सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे आणि दोरा आणखी उत्तरेकडून जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं त्या मार्गावरचं पहिलं थेट विमान ध्रुवावरून बंगळूरला आणलं. पेपरात फोटो आला होता तो मी कापून ठेवलाय.

आता जे देश वर सांगितले ते परत एकदा वाचा. रशिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान. भूमितीला सरहद्द नसते, विमानाला असते. काका आले त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. ते पूर्ण उघडलं १६ जुलैला. मधल्या काळात उत्तरेकडून मुंबई-दिल्लीला येणाऱ्या कितीतरी विमानांना वळसा घ्यावा लागला, काही मार्ग तर कंपन्यांनी बंदच ठेवले. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी परत दार लावलं, आपणही त्यांना लावलं. अशा वेळी १२,५४६ हा आकडा वहीत तसाच राहतो आणि विमान त्याहून लांबच्या वाटेने जातं. म्हणून अंतर काढल्यावर त्या दिवशी कुठलं आकाश उघडं आहे हे विचारल्याशिवाय तास सांगू नयेत, असं माझं मत झालंय.

वाऱ्याचंही असंच. १२,५४६ भागिले ९०० म्हणजे १३ तास ५६ मिनिटं. पण ९०० हा विमानाचा हवेतला वेग आहे, जमिनीवरून मोजलेला नाही. वाहत्या नदीत पोहणाऱ्यासारखं आहे हे, काठावरून बघणाऱ्याला प्रवाहाचा वेग मिळवून किंवा वजा करून दिसतो. मोठी विमानं जिथे उडतात, म्हणजे पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, तिथे मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. अमेरिकेहून इकडे येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. त्यामुळे एकाच अंतराला येताना आणि जाताना तासाभराहून जास्त फरक पडू शकतो.

इथे एक गंमत आहे. मला वाटायचं येताना जेवढं वाचतं तेवढंच जाताना जातं, म्हणजे हिशोब फिटला. फिटत नाही. समजा वारा सबंध वाटभर ताशी १०० चा आहे. येताना वेग १,०००, वेळ १२ तास ३३ मिनिटं. जाताना वेग ८००, वेळ १५ तास ४१ मिनिटं. बेरीज २८ तास १४ मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही मिळून २७ तास ५३ मिनिटं. एकवीस मिनिटं वाऱ्याने खाल्ली, कारण तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो. सरासरी वेग काढताना वेगांची बेरीज करून दोनने भागणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं. (आमच्या व्हायव्हात हा प्रश्न आला होता. अर्धा वर्ग पडला.)

शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी हळू होणं, यात वेग ९०० नसतो. त्याचा अर्धा-पाऊण तास धरावा लागतो. काकांच्या विमानाला दारापासून दारापर्यंत साडेचौदा तास लागले. तिकिटावर काय लिहिलेलं होतं माहितीय? सुटण्याची वेळ रात्री साडेआठ, पोचण्याची वेळ दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊ. बघणाऱ्याला पंचवीस तास वाटतात. त्यातून साडेदहा वजा करायचे, कारण आपली वेळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि न्यूयॉर्कची हिवाळ्यात पाच तास मागे. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊच राहतो. आबांचा प्रश्न, "त्याची सकाळ का आपली?", हा त्या दिवशी वाड्यातला सर्वात शास्त्रीय प्रश्न होता असं मला आता वाटतं.

राहिला शेवटचा तुकडा. मुंबई विमानतळ ते आमचं गाव, पुणे-नगर-जामखेड-पाटोदा-मांजरसुंबा-केज असं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. जानेवारी म्हणजे कारखाने जोरात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन-दोन जोडलेल्या, मागे लाल दिवा असेलच असं नाही. काकांना साडेआठ तास लागले. म्हणजे आकाशात ताशी साडेआठशेच्या वर आणि जमिनीवर ताशी पन्नास. एकूण अंतराचा तिसावा हिस्सा, आणि एकूण वेळेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. काका म्हणतात की नेवार्कपासून मुंबईपर्यंत ते शांत होते, घालमेल झाली ती नगर सोडल्यावर.

आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जवळचे म्हणजे संभाजीनगरचं चिकलठाणा, लातूर आणि नांदेड. पण त्या रात्री दहाला मुंबईत उतरलेल्या माणसाला यातल्या कशाचाच उपयोग नव्हता. रेल्वे म्हणाल तर नगर-बीड-परळी मार्ग २६१ किलोमीटरचा, १९९५ साली मंजूर झालेला. बीड शहरात पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तोवर नगर अहिल्यानगर झालं होतं. मी त्या दिवशी स्टेशनवर गेले होते. तुफान गर्दी होती. मी मनात गणित करत होते की ही गाडी तेव्हा असती तर काय झालं असतं. उत्तर फारसं बदललं नाही, कारण मुंबईहून थेट आलीच नसती. चूक माझ्या १६,५०० चीच होती.

कधी कधी मी उलटं करून बघते. मी साडेचौदा तास सांगितले असते तर साडेनऊला विमान, साडेदहाला बाहेर, नऊ तास रस्ता, साडेसात. आबांनी दिवस उगवायची मुदत दिली होती. साडेसातला ते थांबले असते का? जानेवारीत आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं. मला वाटतं थांबले असते. पप्पा म्हणतात, सांगता येत नाही, आबांचं मन कुणाला कळलंय. आबाही आता नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला.

काका आता तिकीट काढलं की मला व्हॉट्सॲप करतात, फक्त सुटण्याची वेळ आणि विमानतळ, पोचण्याची वेळ मुद्दाम लिहीत नाहीत. मी काढून पाठवते. मागच्या वेळी अकरा मिनिटांचा फरक पडला. त्याआधी चाळीसचा, तेव्हा मी वारा कमी धरला होता. गावातल्या दाराची वेळ मात्र मी तासाभराच्या खालच्या हिशोबात कधीच सांगत नाही.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी एक सोपं देते. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. मुंबईचे आकडे वर दिलेच आहेत. माझ्या आठवीच्या पद्धतीने करा, ८,९०० च्या आसपास येईल. मग सूत्राने करा, ७,२०० च्या आसपास आलं पाहिजे. नाही आलं तर आधी कॅल्क्युलेटर रेडियनवर तर नाही ना ते बघा, आणि तरीही जमलं नाही तर बाजारातून एक मोसंबी आणा.